दारान की दारात: ठाण्यातल्या एका सामूहिक कवितेचं प्रकरण

ठाणे आणि नवी मुंबईतल्या हौशी कवींचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. तीस-पस्तीस माणसांचा. आषाढात त्यांनी मिळून एक कविता लिहायला घेतली. श्रावण सरायच्या आत ती बंद पडली, एक सभासद गट सोडून गेल्या, आणि भाद्रपदात कविता पुन्हा चालू झाली. भांडण म्हणावं तर कुणाचा आवाज चढला नव्हता. तरी हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटतं. असे गट आता गावोगावी आहेत आणि एकत्र लिहायला बसले की ते नेमके याच जागी अडखळतात. मग निदान होतं ते स्वभावाचं: अमक्याला फार शिष्टपणा, तमकी फार हळवी. या प्रकरणात स्वभावाचा वाटा मला थोडाच दिसला. कविता एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवली गेली, आणि त्या हलवण्यात दुसऱ्याच्या ओळीला हात लावायचा अधिकार कुणीही न मागता सगळ्यांना मिळाला. खरं कारण हे आहे, असं माझं मत आहे.

मी या गटात आहे, पण संचालन माझ्याकडे नाही. कुणाचं नाव देत नाही. गटात ज्या नावाने हाक मारली जाते तीच इथे वापरली आहे, आणि हे लिहायला सगळ्यांची परवानगी घेतली आहे.

माणसं आणि नियम

गटाचं मूळ तलावपाळीवरचं. गडकरी रंगायतनच्या बाजूला, मासुंदा तलावाच्या काठी, रविवारी संध्याकाळी काही जण जमायचे आणि आपापल्या कविता वाचायचे. 2020 च्या टाळेबंदीत बैठक बंद झाली आणि सगळे फोनवर आले. त्याचा एक फायदा झाला. रविवारी संध्याकाळी ठाण्याला येणं ज्यांना कधीच जमलं नसतं, अशी माणसं गटात आली. वाशी-पनवेलकडचे आले, पाळीत काम करणारे आले, घरी म्हातारी माणसं असलेल्या बायका आल्या.

या प्रकरणात पाच जण महत्त्वाचे. नौपाड्याचे सर बँकेतून निवृत्त झालेले, ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाचे जुने वाचक. 1893 साली सुरू झालेल्या त्या संस्थेच्या पुस्तकांवर त्यांनी छंदशास्त्र स्वतःचं स्वतः शिकलं. गटात कुणाला अक्षरं मोजता आली नाहीत की सरांना वेगळा निरोप जायचा, “सर, माझी ओळ बघाल का?” सर रात्री उशिरापर्यंत बसून बघायचे आणि का चुकलं तेही समजावून सांगायचे. कळव्याच्या ताई पोळीभाजी केंद्र चालवतात. नेरूळच्या सिस्टर एका रुग्णालयात आहेत. ऐरोलीचा मुलगा आयटीतला, ट्रान्सहार्बर लोकलने रोज जा-ये करणारा. आणि घणसोलीच्या बाई. त्या शाळेत शिकवतात, माहेर-सासर दोन्ही आगरी गावांतलं. वर्षभर त्या गटात नुसत्या वाचत होत्या. या कवितेत त्यांनी पहिल्यांदाच काही लिहिलं, आणि पहिली ओळ त्यांचीच होती.

कवितेचा नियम सरांनीच सुचवला होता आणि तो चांगला होता. प्रत्येकाने एक ओळ द्यायची. ओळीचे दोन चरण, चरणाला आठ अक्षरं. मात्रा मोजायच्या नाहीत, लघु-गुरूचा हिशेब नाही, जोडाक्षर आलं तर एकच धरायचं. दोन-दोन ओळींची जोडी, जोडीच्या शेवटी यमक. लहान अभंगाचा चरण असाच आठ अक्षरांचा असतो, त्यामुळे कान आधीच तयार असतो. भुजंगप्रयात घेतलं असतं तर बारा अक्षरांतला लघु-गुरूंचा क्रम सांभाळता सांभाळता निम्मे लोक पहिल्याच आठवड्यात गळाले असते.

कवितेची सुरुवात अशी झाली:

खारीन पानी भरलं, आय बसली दारान
मिठागराच्या जागेला, नावापुरतंच रान
रानात एक बगळा, ड्यूटी संपता दिसला
लोकलच्या खिडकीत, तोही उभ्याने थांबला

या चार ओळींपाशी थोडं थांबतो, कारण पुढचं सगळं इथेच आहे. पहिली ओळ घणसोलीच्या बाईंची. त्यांच्या घरच्या बोलीत ‘खाडीत’ला ‘खारीन’ म्हणतात आणि ‘दारात’ला ‘दारान’. भरतीचं पाणी चढलंय आणि आई दारात बसून ते बघतेय, एवढंच चित्र. दुसरी ओळ कळव्याच्या ताईंची. त्या आगरी नाहीत. त्यांनी ‘दारान’ ऐकलं आणि त्याला आपल्या मराठीतलं ‘रान’ जोडलं. एका यमकात दोन घरांची भाषा आली, आणि कुणी ठरवून आणली नाही. अर्थही पुढे गेला. नवी मुंबई वसवणारी सिडको 1970 साली स्थापन झाली, पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या, त्यांत भातशेती होती आणि मिठागरंही होती. ताईंनी यातलं काही सांगितलं नाही. ‘नावापुरतंच’ म्हटलं आणि ते सगळं त्यात आलं. सिस्टरांनी त्या उरल्यासुरल्या रानात रात्रपाळीहून परतताना दिसलेला बगळा उभा केला. आणि मुलाने त्या बगळ्याला लोकलमधल्या उभ्या प्रवाशांच्या रांगेत नेऊन बसवलं, म्हणजे उभंच केलं. चारही ओळी चार वेगळ्या दिवसांकडून आल्या आहेत, तरी एकीचा हात दुसरीच्या हातात आहे. मला ही कविता मनापासून आवडली होती, आजही आवडते.

स्वच्छ प्रत

कविता तिशीच्या आसपास ओळींवर गेली तेव्हा एका दिवाळी अंकाच्या संपादकांकडून विचारणा आली. दिवाळी अंकांचा मजकूर पावसाळ्यातच गोळा होतो, त्यामुळे मुदत जवळ होती. त्यांना सलग, स्वच्छ प्रत हवी होती. व्हॉट्सअ‍ॅपवर ओळी विखुरलेल्या होत्या. मध्येच कुणाचे अंगठे, कुणाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, कुणी टाकलेला भरतीच्या वेळांचा तक्ता. सरांनी जबाबदारी घेतली. एक गुगल डॉक उघडलं, सगळ्या ओळी त्यात उतरवल्या, समासातली नावं प्रतीला नकोत म्हणून काढली, आणि दुवा गटावर टाकला: “सर्वांनी पाहावे.” दुवा ज्याच्याकडे आहे त्याला बदल करता येईल, अशी मांडणी होती. त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

त्या रात्री सरांनी प्रत तपासली. सकाळी डॉकमध्ये सुरुवात अशी होती:

खाडीत पाणी भरले, आई बसली दारात
मिठागराच्या जागेत, इमारती दिमाखात
रानात एक बगळा, ड्यूटी संपता दिसला

नंतर सरांनी सांगितलं की ‘खारीन’ ही त्यांना टंकनाची चूक वाटली होती. ते खोटं बोलत नव्हते. तो शब्द त्यांच्या कानावर कधी पडलाच नव्हता. ‘पानी’ आणि ‘आय’ त्या ओघात नीट झाले. अक्षरं बरोबर आठ-आठच राहिली, ती त्यांनी मोजली होती. पण ‘दारान’चं ‘दारात’ झाल्यावर ‘रान’ उघडं पडलं, यमक जुळेना. म्हणून दुसऱ्या ओळीलाही हात लागला आणि ताईंच्या रानाच्या जागी दिमाखदार इमारती आल्या. आता तिसऱ्या ओळीतल्या बगळ्याला रानच नव्हतं. तो कुठल्या रानात उभा आहे, ते वाचणाऱ्याला कळायला मार्ग उरला नाही. ती ओळ सरांनी तशीच ठेवली, कारण तिच्यात त्यांना चूक दिसली नाही.

एका प्रत्ययाच्या दुरुस्तीने तीन जणांची ओळ गेली. दोघांचे शब्द बदलले, तिसरीचा शब्दही न बदलता तिचा अर्थ सुटला. एकत्र लिहिलेल्या कवितेत हे असंच घडतं. ज्याची ओळ दुरुस्त होते त्याच्या आधी शेजारच्याला धक्का बसतो, कारण शेजारच्याने आपली ओळ त्या मूळ शब्दावर टेकवलेली असते.

घणसोलीच्या बाई शाळेत जायच्या आधी गटातून बाहेर पडल्या. काही लिहिलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर हल्ली कुणी गट सोडला तर ते फक्त अ‍ॅडमिनला कळतं, त्यामुळे बाकीच्यांना कित्येक दिवस पत्ताच नव्हता. ताईंनी एकदा त्यांना उद्देशून काही विचारलं, उत्तर आलं नाही, तेव्हा नाव शोधलं आणि ते यादीत नव्हतं. ताईंनी फोन केला. बाई म्हणाल्या, “माझी आई असं बोलत नाही, ताई. ‘पाणी भरले’ असं आमच्या घरात कुणीच कधी बोललेलं नाही. त्या ओळीत दारात बसलीय ती कोण, मला ठाऊक नाही.”

गटातली दोन मतं

ताईंनी हे गटावर सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच डॉकमधल्या ओळी सगळ्यांनी नीट वाचल्या. ऐरोलीच्या मुलाने आवृत्त्यांचा इतिहास उघडला. गुगल डॉकमध्ये आधीची प्रत्येक अवस्था जपलेली असते आणि कुणी काय कधी बदललं तेही दिसतं. त्याने मूळ आणि बदललेल्या ओळी शेजारी-शेजारी ठेवून चित्र टाकलं. त्यावर एक अक्षरही भाष्य केलं नाही, हे त्याने फार चांगलं केलं.

मतं अर्थातच विभागली गेली. एक बाजू सरांची. त्यांचं म्हणणं मी पूर्ण मांडतो, कारण ते पोकळ नव्हतं. सर म्हणाले, कविता सगळ्यांची आहे तर ती नीट करायची जबाबदारीही सगळ्यांची. इतके महिने तुम्हीच ओळी पाठवून दुरुस्त करून घेतल्यात, तेव्हा कुणाला खटकलं नाही. छापायला जाताना लेखन एकसारखं असावं. आणि जपानी साखळी-कवितेत, म्हणजे रेंगात, तर गुरू समोर बसतो आणि शिष्याची ओळ बदलतोही, तिथे कुणी उठून जात नाही.

दुसरी बाजू म्हणाली, विचारल्यावर केलेली दुरुस्ती आणि न विचारता केलेली दुरुस्ती सारखी कशी? लेखनाच्या नियमांचं म्हणाल, तर 1962 साली आलेल्या आणि 1972 साली भर पडलेल्या आपल्या शुद्धलेखनाच्या नियमांतच लिहिलं आहे की केशवसुतांच्या आधीचं पद्य छापताना मुळाप्रमाणे छापावं. म्हणजे मूळ जपण्याची जाण नियम करणाऱ्यांनाही होती. मग आज समोर बसलेल्या बाईंचं मूळ का जपू नये? कुणीतरी बहिणाबाईंचा दाखला दिला. सर त्यावर म्हणाले, “बहिणाबाईंच्या बोलीत मला एकही चूक दिसत नाही, कारण ती मी लहानपणापासून वाचली आहे. ही मी ऐकलीच नव्हती.” या वाक्याने चर्चेचा रोख बदलला. ज्या बोलीला छापील पान मिळालं तिला आपण बोली म्हणतो, आणि जिला मिळालं नाही तिला चूक समजतो. ठाण्यापासून घणसोली लोकलने अर्ध्या तासावरही नाही. इतक्या जवळची भाषा इतकी वर्षं कवितेच्या बैठकीत ऐकूच आली नव्हती. हा दोष एकट्या सरांच्या माथी मारणं मला अन्यायाचं वाटतं.

जागा बदलली की काय बदलतं

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. हीच माणसं, हेच सर, हीच बोली, आणि तरी व्हॉट्सअ‍ॅपवर तिसेक ओळी होईपर्यंत एकदाही कटकट झाली नाही. का?

व्हॉट्सअ‍ॅपवर दुसऱ्याच्या निरोपाला हात लावता येत नाही. 2023 पासून निरोप बदलायची सोय आली, पण तीही स्वतःच्याच निरोपापुरती आणि पंधरा मिनिटांपुरती. अ‍ॅडमिन फार तर निरोप काढून टाकू शकतो, आणि काढल्याची खूण मागे राहते. तेव्हा एखाद्याची ओळ नाही पटली तर करण्यासारखं एकच असतं: खाली आपली ओळ लिहायची. ‘दारान’ आवडलं नाही तरी पुढच्याला त्याच्याशीच यमक जुळवावं लागतं. त्या सक्तीतून ‘रान’ आलं. शिवाय प्रत्येक ओळीवर नाव आणि वेळ असते, न मागता.

डॉकमध्ये हे सगळं उलटं झालं. नावं गेली. कागद एक झाला. कर्सर कुणाच्याही ओळीत नेता येऊ लागला. सरांनी काही बळकावलं नाही. समोर मोकळी ओळ दिसली, हातात वर्षानुवर्षांची सवय होती आणि मुदत जवळ आली होती. ज्या साधनात सूचना देऊन थांबायची सोय आहे, त्यातली तीच सोय निवडली असती तर बदल रंगीत अक्षरांत दिसले असते आणि बाईंना ‘हो’ किंवा ‘नको’ म्हणता आलं असतं. ती सोय डॉकच्या वरच्या पट्टीतच असते. कुणी वापरली नाही, कारण कवितेला तिची गरज लागेल असं कुणाला वाटलंच नाही.

मिळून काव्य करण्याच्या आपल्याकडच्या जुन्या रीती पाहिल्या तर याची आणखी खात्री पटते. जात्यावर दोघी समोरासमोर बसतात, खुंटा दोघींच्या हातात, एक ओवी उचलते आणि दुसरी साथ देते किंवा पुढची जोडते. म्हणता म्हणता ओवी बदलते, पण ती गाणारीच्या तोंडात बदलते. समोरची तिला थांबवून शब्द सुधारत नाही, कारण जातं थांबत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवून घेतल्या. त्या संग्रहात ओवीखाली गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव येतं, आणि शब्द तिचेच येतात. समस्यापूर्तीत शेवटचा चरण दिलेला असतो, तो न बदलता त्याच्या आधीचं रचायचं. तरही गझलेत एक मिसरा सगळ्यांना दिला जातो, प्रत्येकाने त्याच जमिनीवर, म्हणजे त्याच वृत्त-यमकावर, आपले शेर लिहायचे. दिलेल्याला धक्का न लावणं ही या सगळ्या खेळांची अट आहे. याच्या उलट पुण्यातलं 1923 चं रविकिरण मंडळ. तिथे कवी एकत्र जमून कविता वाचत, पण कविता ज्याची त्याची असे. मित्राने सुचवलेला बदल घ्यायचा की नाही ते कवी ठरवी, आणि नाही घेतला तरी शेजारच्या कवितेचं काही बिघडत नसे. सरांच्या डोक्यात बैठकीची ही रीत होती. समोर होती ती साखळी.

सरांनी काढलेला जपानी रेंगाचा मुद्दा मात्र थेट उत्तर मागतो. तिथे संचालक ओळ नाकारतो, बदलायला सांगतो, स्वतःही बदलतो, हे खरं आहे. पण तिथे बसणारे सगळे ते मान्य करून बसतात, आणि बदल होतो तो पुढची ओळ येण्याआधी. एकदा कडी पुढे गेली की मागची सहसा उकलत नाहीत. 1488 साली सोगी आणि त्यांचे दोन शिष्य शोहाकु व सोचो यांनी मिनासे इथे शंभर कड्यांची साखळी रचली, ती आजही आदर्श मानली जाते. तीत तिघांच्या कड्या आलटून-पालटून येतात आणि कुठली कुणाची ते नोंदलेलं आहे. तेव्हा रेंगातून आपल्याला गुरूचा अधिकार घ्यायचा असेल तर त्याची वेळही घ्यावी लागेल.

रेंगातली दुसरी एक गोष्ट मात्र गटाला फार उपयोगी पडली. तिथे प्रत्येक कडी फक्त लगतच्या आधीच्या कडीशी जोडायची, त्याच्याही आधीच्या कडीपासून मात्र लांब जायचं. आमच्या साखळीत बगळ्यानंतर रोहित पक्षी आला, मग कावळा, मग बुलबुल, आणि आठ-नऊ ओळी नुसतं पक्ष्यांचं संमेलन भरलं होतं. भांडण झालं नसतं तरी कविता तिथे कंटाळून मेली असती, असं मला वाटतं.

नाव कुणाचं

दिवाळी अंकाच्या संपादकांनी आणखी एक अट घातली होती. तीस नावं छापता येणार नाहीत, एकच नाव द्या, “आणि इतर” लिहू. त्यामुळे प्रश्न कायद्याकडेही गेला. 1957 च्या प्रताधिकार कायद्यात संयुक्त कर्तृत्वाची व्याख्या आहे: दोन किंवा अधिक जणांनी मिळून केलेली अशी कृती, जिच्यात एकाचा वाटा दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही. आमच्या साखळीत प्रत्येक ओळ वेगळी काढता येते. त्यामुळे ती त्या व्याख्येत बसण्यापेक्षा ज्याची ओळ त्याची, या बाजूला जास्त झुकते, असं मला वाटतं. विशेष म्हणजे नावं काढून, ओळी एकमेकांत मिसळून केलेली ‘स्वच्छ प्रत’ हाच फरक पुसत होती. त्याच कायद्याचं कलम 57 लेखकाला आणखी दोन हक्क देतं: कृती आपली आहे असं सांगण्याचा, आणि आपली प्रतिष्ठा दुखावेल अशी मोडतोड रोखण्याचा. हक्क विकले तरी हे दोन सुटत नाहीत. बाईंनी कायद्याचं नावही काढलं नाही, काढणार नव्हत्या. पण गटात जे वाचलं गेलं त्याने “एवढंसं काय ते” हा सूर बंद झाला, हे बरं झालं. संपादकांना कविता पाठवायची नाही, असं ठरलं.

पुन्हा सुरुवात

भाद्रपदातल्या एका रविवारी तलावपाळीवर बऱ्याच दिवसांनी प्रत्यक्ष बैठक झाली. सर आले तेव्हा त्यांनी डॉकमध्ये मूळ आवृत्ती आधीच परत आणलेली होती आणि समासात सगळी नावं स्वतः टंकली होती. ते म्हणाले, मला दुरुस्तीशिवाय काही येत नाही असं नाही, मला ओळही देता येते, पण या साखळीत मी अजून एकही दिलेली नाही. हे खरंच होतं, आणि तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

बोलून जे ठरलं ते असं. ओळ जशी आली तशी राहील, बदल फक्त ज्याची त्याने करायचा, तोही पुढची ओळ यायच्या आत. नंतर हवं तर नाव काढता येईल, ओळ नाही. अक्षर कमी-जास्त वाटलं तर त्याला एकट्याला कळवायचं, पुढची ओळ यायच्या आत. न पटलेल्या ओळीला उत्तर आपल्या ओळीनेच द्यायचं. लगतच्या ओळीला धरायचं, त्याआधीचीला सोडायचं. डॉक राहील, पण लिहायचा अधिकार एका वेळी एकाकडे, बाकी सगळ्यांना फक्त वाचायला. कविता कुठेही गेली तरी नावं ओळींच्या क्रमाने, सगळी.

बाई बैठकीला आल्या नव्हत्या. सरांनी त्यांना फोन केला, काय बोलणं झालं ते दोघांनीही सांगितलं नाही. त्या परत आल्या. मग एकाने भल्या मनाने सुचवलं की आगरी ओळीखाली प्रमाण मराठीत अर्थाची टीप देऊ. बाई म्हणाल्या, चालेल, मग सरांच्या ओळीखाली आगरीत टीप द्या, माझ्या आईला कळायला हवी. टीप कुणालाच दिली गेली नाही.

पक्ष्यांच्या आणि त्यांच्या पुढच्या ओळी ज्यांच्या होत्या त्यांनी आपणहून मागे घेतल्या आणि साखळी चौथ्या ओळीपासून पुढे चालू झाली. पाचवी ओळ सरांची, सहावी बाईंची:

फलाट बदलताना, हरवली माझी छत्री
पावसान कोन कोना, वलखतंय रातरी

‘छत्री’ आणि ‘रातरी’ हे काटेकोर यमक नव्हे. सरांना ते पहिल्या वाचनात कळलं असणार. त्यांनी बाईंना वेगळा निरोपही पाठवला नाही, गटावर फक्त ओळ पुन्हा एकदा उतरवून ठेवली. बाईंनी मोठ्याने म्हणून पाठवलेल्या आवाजात ‘रातरी’ असा काही लांबतो की कान तक्रार करत नाही. कागदावरचं यमक आणि तोंडातलं यमक यांत मी तोंडातल्याच्या बाजूचा आहे.

एक गाठ नव्या नियमांनीही सुटली नाही. सिस्टरांनी पुढे एक ओळ दिली होती, त्यांच्या वॉर्डातल्या एका पेशंटवरची. तो पेशंट गेल्यावर ती ओळ त्यांना कवितेत बघवेना, आणि त्यांनी ती काढायची म्हटलं. नियमाप्रमाणे पुढची ओळ आलेली असल्याने नाव काढता येत होतं, ओळ नाही. काहींना हा नियमभंग वाटला. माझं मत विचारलं तर नियम बरोबर होता आणि सिस्टरही बरोबर होत्या, आणि अशा वेळी मी माणसाच्या बाजूने जाईन. शेवटी आधीच्या आणि नंतरच्या दोघांनी आपापली ओळ नव्याने लिहून दिली, म्हणजे मधली निघाली तरी यमक तुटणार नाही. त्यात आठवडा गेला, साखळी तेवढे दिवस थांबली. आता पाळी ऐरोलीच्या मुलाची आहे.